युद्धाच्या बातम्या आणि निष्पाप बालकें



हेरोद राजानें बेथलेहेमांतील बालकांचा वध करविला. परंतु त्यापूर्वीं त्यानें ज्ञानी लोकांजवळ बाळाची बातमी मागितली होती, तीही नमनाच्या मिषानें. बालकाची बातमी कोण मागतो व कशासाठीं, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं तोच मी आपणांपुढें मांडतों.

सन १९१४ मध्यें जर्मन सैन्य बेल्जममध्यें शिरलें. तेथें हजारों नागरिक खरोखरच मारले गेले. तरीही शिपाई मुलांचे हात तोडतात, अशा कथा इंग्लंड-फ्रान्सच्या पत्रांनीं पसरविल्या. युद्धानंतर शोध करतां तसें एकही मूल सांपडलें नाहीं. या असत्याचें मोल इतरांस द्यावें लागलें. दुसऱ्या महायुद्धांत यहुदी बालकांच्या संहाराची खरी वार्ता आली, तेव्हां पूर्वींच्या थापा आठवून अनेकांनीं तीवर विश्वास ठेवला नाहीं.

पुढें १९९० मध्यें कुवेतच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीनें अमेरिकेंत रडत सांगितलें कीं, इराकी शिपायांनीं रुग्णालयांतील अर्भकांस उबेच्या पेट्यांतून काढून थंड जमिनीवर मरूं दिलें. ती कुवेतच्या राजदूताची कन्या होती, हें १९९२ मध्यें उघड झालें. कथेस पुरावा मिळाला नाहीं. तोंवर युद्ध होऊनही गेलें होतें.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीची मनाई करते. परंतु चित्र खरें असलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें नव्हे. ८ जून १९७२ रोजीं व्हिएतनाममधील त्रांग बांग गांवीं नेपामनें होरपळून विवस्त्र धांवणाऱ्या ९ वर्षांच्या किम फुकचें छायाचित्र जगभर छापलें गेलें. त्यानें असंख्यांचीं अंतःकरणें द्रवलीं. पुढें मात्र सरकारनें तिला प्रचाराचें साधन केलें व तिच्या शिक्षणांत खंड पडला. तिच्या वेदनेवर सर्वांनीं हक्क सांगितला. तिची इच्छा कोणी विचारली?

मग अशा बातम्यांपासून तोंड फिरवावें काय? नव्हे, तें जखमी वाटसरूस टाळून गेलेल्या याजकाचें व लेवीचें वर्तन होय. आज आपल्या हातांतील मोबाइल हेंच वर्तमानपत्र झालें आहे. म्हणून चित्र पुढें पाठविण्यापूर्वीं स्वतःस विचारावें: ही साक्ष कोणी तपासली आहे काय? शत्रूच्या मुलाच्या मृत्यूनेंही मला इतकेंच दुःख झालें असतें काय? हें माझें लेंकरूं असतें, तर तें मीं असें जगास दाखविलें असतें काय?

श्रेष्ठ कोण, असा शिष्यांत वाद पडला असतां प्रभूनें एका बालकास त्यांच्यामध्यें उभें केलें. कोणा एकाचा पक्ष बळकट व्हावा म्हणून नव्हे, तर सर्वांनीं नम्र व्हावें म्हणून. त्याच दृष्टीनें प्रत्येक बालकाकडे पाहण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.