कंबर धरलीय? मग फार वेळ आडवं पडू नका

(व्यायाम लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून या भागाचं हे शब्दांकन. बोलणं शक्यतो होतं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय कंबर. तुमच्याकडून सगळ्यात जास्त येणारा निरोप हाच असतो, "ताई, कंबर धरलीय, एखादा व्यायाम सांगा." एखादा. म्हणजे एक गोळी घेतल्यासारखा एक व्यायाम. तो सांगणार आहेच, एकाऐवजी चार सांगेन, पण त्याआधी थोडं माझ्या आईबद्दल बोलते. मी फिजिओथेरपिस्ट झाले त्याला एक कारण ती आहे.

१९९८ची दिवाळी. मी नववीत होते. घराची आवराआवर चालली होती आणि आईने भरलेली कळशी उचलली, वाकली तशीच राहिली. उसण भरली. आमच्याकडे उसण भरली की जे करतात ते सगळं झालं. निर्गुडीच्या पाल्याने शेकलं, बाम चोळला, गल्लीतल्या एक काकू पायाळू होत्या, त्यांना बोलावून पाठीला पाय लावून घेतला. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. "मणक्यात गॅप आलाय. सहा आठवडे फळीवर झोपायचं. आणि यापुढे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही."

बाबांनी कॉटवरची गादी काढली. मी आणि भाऊ भाकऱ्या शिकलो, म्हणजे मी शिकले, भाऊ पाणी भरायचा. आई सहा आठवडे खरोखरच फळीवर राहिली, इतकी ती आज्ञाधारक. उठली तेव्हा दुखणं बरंच कमी झालं होतं. पण अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत तशीही उतरते, श्रेय मात्र फळीला मिळालं. उठताना तिचे पाय थरथरत होते ते मला अजून आठवतं. आणि त्याहून वाईट गोष्ट दिसत नव्हती. तिच्या मनात बसलं की आपली पाठ म्हणजे तडा गेलेलं मडकं आहे, धक्का लागला की फुटणार. पुढची २४ वर्षं ती जमिनीवर बसली नाही. पंगतीला टेबल, पूजेला खुर्ची. माझी मुलगी झाली तेव्हा तिला आधी दुसऱ्या कुणीतरी उचलून आईच्या मांडीवर द्यावं लागायचं.

मी कॉलेजात गेल्यावर एक जुना अभ्यास वाचला आणि खरं सांगते, राग आला. अमेरिकेतला, १९८६ सालचा. कंबर धरलेल्या २०३ लोकांचे दोन गट केले. एका गटाला दोन दिवस झोपून राहा म्हणून सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दुखणं दोन्हीकडे सारखंच उतरलं. फरक एवढाच पडला की दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्के कमी झाले. म्हणजे आईला फळीवर झोपवलं त्याच्या १२ वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. त्या डॉक्टरांना दोष देऊन काही उपयोग नाही, तेव्हा सगळेच तसं सांगायचे. पण आजही सांगतात हो! गेल्याच महिन्यात माझ्याकडे ३१ वर्षांचा मुलगा आला, आयटीतला, तीन आठवडे बिछान्यात होता. त्याला हेच सांगितलं होतं.

आता या "गॅप"चं बघू. मणक्यांच्या मधे चकत्या असतात. वय वाढतं तशा त्या थोड्या सुकतात, चपट्या होतात, कुठे थोड्या बाहेर फुगतात. केस पांढरे होतात तसंच. २०१५मध्ये एका मोठ्या आढाव्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा सुमारे ३,१०० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. पुन्हा सांगते, यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तेव्हा एमआरआयच्या अहवालात "बल्ज" शब्द वाचून रात्रभर जागू नका. तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. दुखतं ते दुखतंच. फक्त चित्रात दिसलं तेच दुखतंय, असं दरवेळी नसतं.

पण काही वेळा व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर, हेही स्पष्ट सांगते. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी अडली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिर झालं, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः वयस्क माणसांत, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री कुठल्याच कुशीवर आराम न पडणं. हे माझ्या सतरंजीवर सोडवायचे प्रश्न नाहीत.

बाकीच्यांनी पहिले एक-दोन दिवस हवं तेव्हा आडवं व्हावं, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, शेक घ्यावा, आणि तासाभराने उठून घरातल्या घरात चालावं. कंबरपट्टा प्रवासापुरता ठीक. रोजचा करू नका.

मग व्यायाम. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी पाठीच्या कण्यावर किती भार येतो हे मोजण्यात आयुष्य घातलं. त्यांनी तीन व्यायाम निवडले, कारण त्यांत स्नायूंना काम मिळतं आणि कण्यावरचा भार आटोक्यात राहतो. मी त्यात एक माझा जोडते. आणि कृपा करून गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ता करून बघू नका!

पहिला, रांगण्याच्या स्थितीतला. याला बर्ड-डॉग म्हणतात. हा मी सविस्तर सांगते कारण एकच करायचा झाला तर हा करा. सतरंजी अंथरा, गुडघ्यांखाली गोधडीची घडी. हात-गुडघ्यांवर या. तळहात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. पाठीची वर कमान नको आणि खाली झोळीही नको. पोट जरा घट्ट करा, कुणी गमतीने पोटात बोट टोचणार असेल तर आपण करतो ना, तेवढंच. आत ओढायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. आता डावा पाय मागे सरळ न्या, टाच मागच्या भिंतीकडे ढकला. पाय कंबरेपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, सगळे इथेच चुकतात. उंच उचलला की कंबर आत दबते आणि मग "ताई, व्यायामाने वाढलं". पाय जमला की उजवा हात पुढे. कंबरेवर पाण्याचा भरलेला पेला ठेवलाय असं समजा. आठ ते दहा सेकंद, मग खाली, मग दुसरी बाजू. गुडघे टेकवता येत नसतील त्यांनी ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकवून थोडं पुढे झुकावं आणि एकेक पाय मागे न्यावा. माझ्या आईने सुरुवात अशीच केली, डाळ शिजेपर्यंत.

दुसरा कुशीवरचा, साइड प्लँक. कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले. कुल्ला जमिनीवरून उचला, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक रेष. खांदा दुखतो त्यांनी भिंतीला बाजूने कोपर टेकवून, पाय भिंतीपासून हातभर लांब ठेवून तिरकं उभं राहावं. (प्लँक म्हणजे फळी. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा फळीच का?")

तिसरा पोटाचा, पण शाळेत करायचो तशा उठाबैठका नव्हेत. उताणं झोपा, एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत. आता डोकं आणि खांदे किंचित उचला. उशी आणि डोकं यांच्यामधून एक वही सरकेल, एवढंच. कंबर हातांवर दाबली जाता कामा नये. पूर्ण उठून बसण्याने कण्यावर खूप भार येतो, दुखऱ्या पाठीला तो नको.

चौथा माझा, सेतुबंधासारखा. उताणं, दोन्ही गुडघे दुमडून, टाचांवर जोर देऊन बसायचा भाग उचलायचा. योगवर्गाला जाणाऱ्यांना सांगायला नको. ताण कुल्ल्यांत जाणवला पाहिजे, कंबरेत जाणवला तर कमी उचला.

किती वेळा? मॅकगिल यांची पद्धत मला आवडते. प्रत्येक बाजूला आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. दर वेळी दहा सेकंदांच्या वर धरायचं नाही. सोपं वाटलं तर आकडा वाढवा, सेकंद नाही. सगळं मिळून १५ मिनिटं. रोज.

करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झालं तर चालू ठेवा. दुखणं पायात खाली उतरत चाललं तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या. उलट, पायातली कळ वर सरकून कंबरेपाशी गोळा होत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते चांगलं लक्षण असतं, कंबर थोडी जास्त दुखली तरी.

आणि उठल्या उठल्या नको. रात्रभर झोपून चकत्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात, सकाळी आपण थोडे उंचही असतो. अशा वेळी पायाची बोटं धरायला वाकणं दुखऱ्या पाठीला सोसत नाही. मला माहितीये, पहाटेच्या सूर्यनमस्कारवाल्यांना हे पटत नाही. ज्यांचं दुखत नाही त्यांनी खुशाल घालावेत. दुखतंय त्यांनी आधी तासभर चालतं-फिरतं राहावं, चहा घ्यावा, मग बघावं.

चालण्याचं राहिलंच. २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकते बरे झालेले ७०१ लोक. निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. दुखणं परत यायला त्यांना मध्यमान २०८ दिवस लागले, इतरांना ११२. चप्पल सोडली तर खर्च शून्य. मी हे पेशंटना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो, मशीन लावलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

राहता राहिलं वाकणं. आईला "वाकू नका" सांगितलं. त्याऐवजी "असं वाका" सांगायला हवं होतं. हाताची कड जांघेत ठेवा. आता बसायचा भाग मागे ढकला, दोन्ही हातांत पिशव्या असताना मागचं दार ढकलून लावतो तसा, गुडघे थोडे सैल. हात जांघेत चिमटला गेला की समजा खुब्यातून वाकलात. बादली, गॅस सिलिंडर, नातवंडं, सगळं असं, आणि अंगाजवळ धरून. कोकणात भातलावणी करणाऱ्या बायका दिवसभर वाकतात, त्यांना कुठे कंबरदुखी, असं शहरातले लोक मला ऐकवतात. त्यांची कंबर दुखते. विचारून बघा एकदा.

आई माझं कधी ऐकायची नाही. घरचीच मुलगी, काय ऐकायचं. २०२२मध्ये गौरींच्या आधी तीन महिने मीच तिला विचारलं, "आई, तुला नक्की काय करायचंय?" ती म्हणाली, "गौरीपुढे पाटावर बसायचंय गं. खुर्चीवरून हळदीकुंकू वाहायला मला लाज वाटते." मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी खुर्चीतून हात न लावता उठणं. मग खुर्चीवर उशी न ठेवता. मग दोन पाट एकावर एक. मधे एकदा कंबर पुन्हा धरली आणि ती म्हणाली, "बघ, मी सांगत होते." दोन दिवस नुसतं चालायला लावलं, तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी पुन्हा पाय मागे.

गौरी जेवल्या त्या दिवशी ती एका पाटावर बसली, वीसेक मिनिटं. उठताना खुर्चीचा आधार घेतला. तिची कंबर अजून अधूनमधून दुखते, थंडीत जास्त. पण परवा घरी गेले तर खाली पडलेली वाटी उचलायला मी वाकले, आणि मागून आवाज आला, "खुब्यातून वाक."

पुढच्या भागात मान आणि मोबाइल. तुमचे प्रश्न पाठवत राहा, आणि दुखणं कधीपासून आहे, पायात कळ जाते का, हे त्यात नक्की लिहा.