प्रशिक्षणाचे अनुदान आणि आपली मुले
(आदिवासी सेवा मेळाव्यातील भाषण)



आपल्या पाड्यांवरची मुले दहावी किंवा आयटीआय करून एमआयडीसीत जातात. घरी सांगतात, "कंपनीत ट्रेनिंगला लागलो." आपल्यालाही आनंद होतो. पण अशा प्रशिक्षणासाठी सरकार पैसे देते. ते कशावर मिळतात, हे आपल्याला ठाऊक हवे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात. कामगारांच्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के. अनुसूचित जमातींसाठी जागा राखण्याची तरतूदही त्यात आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली. तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलते. विद्यावेतन ६००० असेल तर मालकाचे ४५००, सरकारचे १५००. ते ८००० झाले तरी सरकारचे १५००च.

हे पैसे कंपनीचा मोठेपणा पाहून मिळत नाहीत. कंपनीने सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, उमेदवाराशी लेखी करार करायचा आणि तो नोंदवायचा. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. पूर्वी सरकारचा हिस्सा मालकाला परत मिळे. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

म्हणजे सगळे करारावर अडते. करार नसेल तर सरकारच्या लेखी तो मुलगा उमेदवारच नाही. एका कारखान्यात आमच्या तीन मुलांना 'ट्रेनी' म्हणत आणि पैसे मात्र नगावर देत. कायद्याने उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत. आम्ही कराराची प्रत मागितली, तर "ठेकेदाराला विचारा" असे उत्तर आले. ठेकेदाराकडे हजेरीची वही होती, करार नव्हता.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. करारात तसे लिहिलेले नसेल, तर प्रशिक्षणानंतर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही.

आपल्याकडून तीन कामे हवीत. मुलगा किंवा मुलगी गाव सोडण्याआधी बँक खाते, आधार आणि जातीचा दाखला तयार करून द्या. सहीपूर्वी करार त्यांच्या बोलीत समजावून सांगा. आणि आपल्यापैकी ज्यांचे वर्कशॉप आहे त्यांनी, ४ ते २९ कामगार असतील तर सक्ती नसली तरी, एक उमेदवार घ्यावा; रीतसर करार करून घ्यावा.