ओरडायचं ते मनातल्या मनात



जुलै 2020 आठवतोय ना?
आपल्याकडची करमणुकीची उद्यानं बंद होती.
तिकडे अमेरिकेत, फ्लोरिडात, डिस्ने वर्ल्ड उघडलं.
आणि त्याच दिवसांत फ्लोरिडातले कोरोनाचे रुग्ण झपाट्यानं वाढत होते.

मग जायचं की नाही?

जपानी उद्यानांनी तर एक अजब सूचना काढली.
रोलर कोस्टरवर ओरडायचं नाही!
फुजी-क्यू उद्यानाचे दोन अधिकारी स्वतः मास्क लावून कोस्टरमध्ये बसले.
गाडी उंचावरून सुसाट खाली आली.
यांचे चेहरे मात्र ढिम्म.
याची चित्रफीत निघाली, आणि सारं जग हसलं.
पण सूचना खुळी नव्हती.
ओरडताना तोंडातून जास्त तुषार उडतात.
विषाणू त्यातून पसरतो.

खरं सांगायचं, तर मोकळ्या हवेतल्या गाडीत धोका कमी.
धोका जास्त बंद दालनात.
गर्दीच्या रांगेत.
आणि उपाहारगृहात, कारण तिथे मास्क उतरतोच.

आता हाँगकाँगचं पाहा.
तिथलं डिस्नेलँड जूनमध्ये उघडलं.
महिनाही झाला नाही, पुन्हा बंद.
शहरात साथ परत वाढली होती.

म्हणजे उद्यान उघडलं, तरी साथ संपलेली नसते.
पुन्हा सांगते,
उद्यान उघडलं, तरी साथ संपलेली नसते.

म्हणून अशा काळात आधी आपल्या गावातले रुग्ण वाढताहेत का, ते विचारा.
वाढत असतील, तर जाऊ नका.
आणि घरात आजी-आजोबा असतील, कुणाला मधुमेह असेल,
तर मुलांना समजावा,
आणि सहल पुढे ढकला.