पाय रगडू नका, सांभाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हत्तीपाय म्हणजे काय, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. राजुऱ्यातली तेलुगू बोलणारी कुटुंबे त्याला ‘बोदकालू’ म्हणतात. सरकारी कागदावर तो ‘हत्तीरोग’ असतो आणि दवाखान्यात ‘फायलेरिया’. नावे वेगवेगळी, पण एक वाक्य मात्र सगळीकडे सारखेच ऐकू येते, ‘आता याला काही इलाज नाही.’

मी राजुऱ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. सुजलेले पाय रोज हाताखालून जातात. या अनुभवावरून सांगते, की हे वाक्य अर्धेच खरे आहे. वर्षानुवर्षांची सूज गोळीने उतरत नाही, हे खरे. पण काहीच करता येत नाही, हे खरे नाही. करण्यासारखे पुष्कळ आहे. ते स्वस्त आहे, घरच्या घरी होणारे आहे आणि रोज करायचे आहे. त्यातला एक भाग म्हणजे हलक्या हाताची मालीश. आपल्याकडे नेमके तिथेच चुकते, म्हणून आज त्याविषयी जरा सविस्तर बोलते.

आधी रोग समजून घेऊ. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो आणि त्याच्यामार्फत एक धाग्यासारखा बारीक जंत शरीरात शिरतो. हा जंत लसीकावाहिन्यांमध्ये काही वर्षे राहतो. त्याची पिल्ले रात्री रक्तात फिरतात. म्हणून तर आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्ततपासण्यांवर अनेक वर्षे संशोधन केले.

आता लसीका म्हणजे काय? रक्तवाहिन्यांतून सतत थोडे पाणी पाझरत असते. त्यातले बरेचसे पाणी, प्रथिने आणि जंतूंचा कचरा लसीकावाहिन्या उचलतात, गाठींमधून गाळून घेतात आणि मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात सोडतात. शेतातल्या चरासारखीच ही व्यवस्था आहे. फरक एवढाच, की रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसीकेला तसा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती थोड्या आकसतात. बाकीचे काम आपल्या स्नायूंच्या हालचालीने आणि श्वासाने होते. जंतांमुळे या वाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि पाणी पायात साचू लागते. पुढे कातडी जाड होते, तिला घड्या पडतात.

जंत मेल्यावरही बिघडलेले चर तसेच राहतात. त्यामुळे जुना हत्तीपाय असलेल्या बहुतेकांच्या रक्तात जंतांची पिल्ले सापडत नाहीत. हा रोग शिवल्याने होत नाही, पाय धुतल्याने होत नाही, एका ताटात जेवल्यानेही होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे सगळे काम घरच्यांच्या हातांचे आहे.

पाय वाढतो कसा? पाणी साचलेल्या पायात जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते. पावसाळ्यात चिखलात काम करताना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते. त्या फटीतून जंतू आत शिरतात. मग हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होतो, भाजल्यासारखा दुखतो, जांघेत गोळा येतो, ज्याला काही ठिकाणी अवधान आले म्हणतात. माणूस चार-आठ दिवस खाटेला खिळतो. ताप उतरतो, पण पाय पहिल्यापेक्षा थोडा जाड होऊन बसतो. असे पाच-सात झटके आले की सूज कायमची होते. पूर्वी हे ताप जंतामुळेच येतात असे समजले जाई. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी रुग्णांसोबत काम करून दाखवले, की बहुतेक झटक्यांचे मूळ कातडीतून शिरणाऱ्या जंतूंमध्ये आहे आणि नुसत्या स्वच्छतेने ते पुष्कळ कमी होतात. म्हणजे साबण आणि पाणी हे इथे औषधच आहे.

पाय कसा धुवायचा? साधे, स्वच्छ, थंडही नाही आणि गरमही नाही असे पाणी घ्या. अंगाला लावायचा साधा साबण हाताने फेसून घ्या. वरून खाली, प्रत्येक घडीत, प्रत्येक बेचक्यात बोट फिरवून धुवा. वजरी नको, घासणी नको, ब्रश नको. मग मऊ सुती कापडाने टिपून कोरडा करा. जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा यासाठी उत्तम. बेचकी पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. तिथे चिखल्या असतील तर डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम लावा. कातडी कोरडी पडत असेल तर बाकी पायाला खोबरेलाचा हलका हात लावा, बेचक्यांत मात्र नको. आरोग्य विभागाकडून रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच दिला जातो. अनेक घरांत तो टब धान्य ठेवायच्या कामी येतो. कृपा करून तो पायासाठीच ठेवा.

आता मालीश. आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की तो ‘चोळून काढायची’ पद्धत आहे. गरम तेल घेऊन, अंगठ्याने दाबून, घोट्यापासून मांडीपर्यंत रगडतात. कुणी बिब्बा लावतो, कुणी डाग देतो, कुणी काळा दोरा घट्ट बांधतो. बिब्ब्याने आणि डागाने कातडी जळते, म्हणजे जंतूंना दार उघडून दिल्यासारखेच. आणि रगडण्याचे काय? पाणी उचलणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात. त्यांच्या भिंती बारीक तंतूंनी आजूबाजूच्या कातडीला बांधलेल्या असतात. कातडी हळूच ताणली की तंतू ओढले जातात, वाहिनीचे तोंड उघडते आणि पाणी आत जाते. जोराने दाबले तर ती वाहिनी चपटी होते, शिवाय रक्त जास्त येऊन सूज वाढते.

एका घरी सुनेला हे शिकवत होते. सासूबाईंचा उजवा पाय तेरा-चौदा वर्षांचा सुजलेला. सून शेतात काम करणारी, हाताला चांगली ताकद. मी तिचा हात धरून दाब दाखवला तर सासूबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘अवो मॅडम, हे तं माशी बसल्यासारखं वाटते. इतक्या हळू हातानं काय होते जी?’ मी म्हटले, ‘मावशी, नातवाच्या गालावरून हात फिरवता ना, तितकाच जोर पाहिजे.’ सुनेला ते लगेच कळले. ‘मंग असं सांगा ना,’ ती म्हणाली आणि तिचा हात आपोआप हलका झाला.

या मालीशीला ‘लसीका निचरा मालीश’ म्हणतात. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना ही पद्धत बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये ती लोकांपुढे मांडली. पूर्ण पद्धत शिकायला प्रशिक्षण लागते. पण घरी करण्यासारखा सोपा भाग मी सांगते.

शेतात पाणी तुंबले तर आपण आधी कुठे जातो? जिथून पाणी बाहेर पडायचे त्या टोकाला. तो चर मोकळा केल्याशिवाय वरचे पाणी ढकलून उपयोग नसतो. इथेही तसेच आहे, म्हणून सुरुवात पावलापासून नाही, तर मानेपासून. रुग्णाला उताणे झोपवा. पोट वर येईल असे पाच-सहा खोल, सावकाश श्वास घ्यायला सांगा. मग गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात दोन्ही बाजूंनी बोटे टेकवून कातडी हळूच ताणा आणि सोडा, दहा वेळा. मग जांघेत तसेच. त्यानंतर मांडीचा वरचा भाग, मग खालचा, मग गुडघ्यामागे, मग पोटरी आणि सर्वांत शेवटी पाऊल. प्रत्येक ठिकाणी हात शरीराच्या दिशेने, वर जाणारा. तेल नको, कारण तेलाने हात घसरतो आणि कातडी ताणली जात नाही. घाई नको. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दुखले किंवा कातडी लाल झाली तर दाब जास्त झाला असे समजा.

काही वेळा मालीश अजिबात करू नये. ताप आणि लाली असताना नाही. वाहती जखम असताना नाही. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, तडक दवाखाना गाठा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तापाचा झटका आला तर आराम, थंड पाण्याची घडी, भरपूर पाणी आणि डॉक्टरांकडून जंतूविरोधी औषध. त्या दिवसांत फायलेरियाची गोळी मनाने घेऊ नये. आणि पुरुषांची अंडवृद्धी मालीशीने जात नाही. तिला शस्त्रक्रियाच लागते. ती साधी शस्त्रक्रिया आहे, लाजेपोटी वीस-वीस वर्षे लपवण्यासारखे त्यात काही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकट्या मालीशीने फार होत नाही. तासाभरात आलेला हलकेपणा दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसले की निघून जातो. म्हणून तिच्यासोबत तीन गोष्टी हव्यात. पहिली, पाय उंच. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवा. दिवसा बसताना पाय स्टुलावर घ्या. दुसरी, हालचाल. टाचा उचला, चवडे वर-खाली करा, घोटा गोल फिरवा, दिवसातून तीन-चार वेळा. पोटरी आवळली की तोच तुमचा पंप. तिसरी, रुंद, मऊ, पट्ट्याची चप्पल. अनवाणी शेतात जाऊ नका. पायाला दाबपट्टी बांधण्याचा फायदा होतो, पण ती प्रशिक्षित माणसाकडून शिकून घ्या. मनाने घट्ट बांधू नका. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच सोडा. केरळमधल्या कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने धुणे, कातडीची निगा, योगासने, श्वसन आणि दाबपट्टी यांची सांगड घालून हत्तीपायावर उपचार केले आहेत. सांगायचे एवढेच, की एका युक्तीवर कुणीच विसंबत नाही.

हीच निगा इतरांनाही उपयोगी पडते. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा हात सुजतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार झालेल्यांचे किंवा अर्धांगवायूने पडून असलेल्यांचे पाय हालचाल नसल्याने सुजतात. त्यांच्याही बाबतीत हलका, संथ हात चांगला. मात्र मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उष्णतेने अशक्तपणा वाढू शकतो, म्हणून गरम पाणी आणि शेक टाळा. पायाला नीट कळत नसेल तर कातडी आपण डोळ्यांनी तपासायची. झटक्यात हात लावला तर स्नायू आखडतात, तेव्हा आधी सांगून, सावकाश. मालीशीने मूळ आजार जात नाही, पण पाय हलका होतो, झोप लागते.

श्रोते हो, हत्तीपायाचे ओझे नुसते वजनाचे नसते. तापात मजुरी बुडते. घरात असा पाय असला की मुलीच्या सोयरिकीला लोक दोनदा विचार करतात. बाई लग्नाकार्याला जायचे टाळते, मागच्या खोलीत बसते. तिच्या पायाला कित्येक वर्षांत कुणी हातही लावलेला नसतो. घरच्या माणसाने रोज वीस मिनिटे तो पाय हातात घेतला की सूज किती उतरते ते मोजपट्टी सांगेल, पण बाई पुढच्या खोलीत येऊन बसू लागते, हे मी पाहिलेले आहे.

आणि ज्यांचे पाय आज ठणठणीत आहेत त्यांच्यासाठी गोळी. देशात फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४पासून सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या देण्याची मोहीम आली. २०१९च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची मोहीम सुरू झाली. त्यातल्या आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी २०१५चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. ‘काकूचा पाय तर गोळीने उतरला नाही, मग मी कशाला खाऊ?’ असे तरुण विचारतात. उत्तर सोपे आहे. काकूंच्या पायासाठी ती गोळी नाहीच. ती आहे तुमच्या रक्तातला जंत डासामार्फत दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी सोडून बाकीच्यांनी ती कर्मचाऱ्यांसमोर, जेवण झाल्यावर घ्यावी. कुणाला कोणते औषध द्यायचे ते कर्मचारी वय आणि उंची बघून सांगतात.

तुमच्या घरात किंवा शेजारी असा पाय असेल तर गावच्या आशाताईंना आजच सांगा, नाव नोंदवा, पाय धुण्याची पद्धत समोर बसून शिकून घ्या. पहिला महिना बदल दिसत नाही म्हणून सोडू नका. या पावसाळ्यात तापाचे झटके किती आले ते कॅलेंडरवर खूण करून मोजा आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजा. बहुतेक घरांत दुसरा आकडा लहान असतो.