मतासाठी अक्षरे : मॉरिशसच्या विधानसभेची गोष्ट
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काळभैरवाच्या आणि छिप्यांच्या या भैरवगढ़ात आम्ही मॉरिशसच्या विधानसभेवर बोलायचे ठरवले, तेव्हा मंडळातच विचारणा झाली, "आपला काय संबंध?" संबंध आहे. शिंद्यांच्या काळात मराठी घराणी माळव्यात आली, तशी 1834 नंतर कोकणातली आणि साताऱ्याकडची काही माणसे करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

त्या बेटावर गव्हर्नरचे सल्लागार मंडळ 1825 पासून होते. 1886 मध्ये त्यात निवडून आलेले 10 सभासद बसले खरे. पण मत देणारा मिळकत-उत्पन्नवाला हवा. म्हणजे मळेवाला आत आणि राबणारा बाहेर! भारतीय वंशाचे पहिले दोघे निवडून यायला 1926 साल उजाडले.

खरी कलाटणी 1947 च्या घटनेने दिली. मिळकतीची अट मागे पडली आणि बेटावरच्या मान्य भाषांपैकी एकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळाले. पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनातले स्वयंसेवक गावोगाव अक्षरे शिकवत फिरले. दिवसभर ऊस तोडलेल्या हातांनी लेखणी धरायची, हे काही सोपे नव्हे. मतदार सुमारे 12 हजारांचे सुमारे 72 हजार झाले. ऑगस्ट 1948 च्या निवडणुकीत 19 पैकी निम्म्याहून अधिक जागा भारतीय वंशाच्या उमेदवारांनी जिंकल्या. सर्व प्रौढांना मत मिळाले ते 1959 मध्ये.

12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला, तरी एलिझाबेथ मॉरिशसची राणी राहिलीच. पुढे 1972 साली व्हायची निवडणूक लांबवून 1976 मध्ये घेतली, हे आम्हाला तरी शोभणारे वाटत नाही. 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक आले आणि विधानसभेची राष्ट्रीय सभा झाली.

गंमत पाहा. ज्यांच्या आजोबांनी आपल्या बोलीची अक्षरे गिरवून मत मिळवले, त्यांच्या सभागृहाची भाषा 1968 च्या घटनेने इंग्रजी ठेवली. अध्यक्षांना उद्देशून फ्रेंच चालते, मराठी नाही. तरी त्याच सभागृहाने कायदा करून मराठी भाषिकांची संस्था उभी केली.

यंदा आपल्या मुलांनी आरती रोमन अक्षरांत लिहून आणली होती. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत मराठी वाचनाचा वर्ग सुरू होत आहे. नावे आजच द्यावीत. पाट्या आम्ही आणू.