पालखेड: जवळजवळ न लढता जिंकलेली लढाई

२८ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापूरजवळच्या पालखेडला थोरल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत पकडलं. (धरणाचं पालखेड नाशिककडचं, ते वेगळं बरं का!) निजामाची भिस्त तोफखान्यावर. तो पुण्यात शिरला, तरी बाजीराव परतले नाहीत. उलट त्याच्याच मुलखात धुमाकूळ घालत राहिले. मग निजाम पाठलागाला निघाला, जड तोफा मागे राहिल्या आणि पाण्यावाचून फौज हैराण झाली. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचा दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा, म्हणजे महसुलातल्या वाट्याचा, हक्क निजामानं मान्य केला. पानिपत आपल्याला तोंडपाठ; पालखेडचं नाव मात्र क्वचितच निघतं. शिर्डीहून वेरूळला जाताना थोडी वाट वाकडी करा, मुलांना पालखेड दाखवा.