होळकरांची रेल्वे आणि आपले गणगोत

 

बडा गणपतीच्या साक्षीने आज आपण खंडव्याच्या रेल्वेविषयी बोलणार आहोत. आपल्या कित्येक घरांचे माहेर-सासर या रुळांनी जोडलेले होते.

१८७० साली दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे! खंडवा तेव्हा इंग्रजी मुलखात, इंदूर होळकरांचे. म्हणजे ही गाडी राज्याची हद्द ओलांडून येणार होती. मोरटक्क्याजवळ नर्मदेवर १४ गाळ्यांचा पूल उभा राहिला. ५ ऑक्टोबर १८७६ रोजी तो तुकोजीरावांच्याच हस्ते खुला झाला. पातालपाणी ते कालाकुंड हा विंध्याचा घाट सर्वांत बिकट. तिथे ४० फुटांमागे एक फूट चढ आहे.

पुढे खंडवा अकोल्याशी जोडले गेले. जयपूरहून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर, खंडवा, अकोला, हिंगोली, पूर्णा अशी धावे. विदर्भ-मराठवाड्याच्या सोयरिकी जपायला आपल्याला हीच गाडी होती.

ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१७ मध्ये अकोला-खंडवा आणि २०२३ मध्ये महू-ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडी थांबली. मेळघाटातील वाघांसाठी नवा मार्ग जंगलाबाहेरून वळवला आहे. वळसा पडेल, पण तो आपण आनंदाने सोसावा. घाटात २५ डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी सुरू झाली. नातवंडांना तिच्यातून जरूर न्यावे. पण सहलीच्या गाडीने अकोल्याचे लग्न गाठता येत नाही.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी, नवी स्थानके ३०. आज अवंतिका एक्सप्रेस रतलाम-वडोदऱ्याचा वळसा घेऊन मुंबईला जाते. तो वळसा वाचेल. मग खंडव्याची लाईन हवीच कशाला, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मनमाडची वाट नाशिक-मुंबईची आहे, खंडव्याची वाट वऱ्हाडाची. एक झाली म्हणून दुसरी रेंगाळू देणे परवडणारे नाही. प्रवासाच्या दगदगीपायी आपल्या थोरांचे जाणे-येणे कमी झाले आहे, आणि जाणे-येणे तुटले की पुढच्या पिढीला नातेही ओळखू येत नाही.

तेव्हा दोन्ही मार्गांचा पाठपुरावा आपण एकजुटीने करू या. तुकोजीरावांनी एक कोटी दिले. आपण निदान आवाज तरी देऊ. विघ्नहर्ता ही वाट लवकर मोकळी करो. मंगलमूर्ती मोरया!